दूध कोणत्या अंगाला गेलं

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पमाक्काचा फोटो आला की मी अभिनंदन करायचो. वाचून नाही, फोटो बघून. कारण तिचा फोटो यायचा तो कशाच्या ना कशाच्या मानासाठीच... कुठं व्याख्यान, कुठं सत्कार, कुठं जपानी माणसांच्या रांगेत मधोमध इरकल साडी नेसून उभी राहिलेली आमची अक्का. त्या दिवशी मी कंधारच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. विम्याचं एक गिऱ्हाईक ऐनवेळी निसटलं होतं, चहा गार झाला होता, आणि तिच्या भावानं, दत्तादादानं, ग्रुपवर फोटो टाकला. अक्का हसतेय, मागं ज्वारीचं रान. मी तिथल्या तिथं लिहिलं, ‘हार्दिक अभिनंदन अक्का! घराण्याचं नाव पुन्हा एकदा उजळलंस!’ पुढं गुलाबाची फुलं आणि टाळ्या वाजवणारे हात. लग्न असो, बारसं असो, मी आयुष्यात कुठंही पहिला पोचलेलो नाही. त्या दिवशी ग्रुपवर मात्र पहिला होतो. मग फोटोच्या खाली दादाचा मजकूर आला. अक्का सकाळी आपल्याला सोडून गेली, लातूरच्या दवाखान्यात.

मी मेसेज पुसला. पण या यंत्राची खोड अशी, की पुसलं तरी इथं काहीतरी होतं आणि ते पुसलं अशी पाटी तिथं लागून राहते. तोवर उदगीरच्या आत्यापासून परभणीच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं होतं. बायकोचा, म्हणजे मंगलचा, फोन आला. ती रडत होती. रडता रडताच म्हणाली, “पुसलंत ते बरं केलंत, पण मी वाचलंय. आता घरी येऊ नका, तिकडूनच रेणापूरला निघा. निदान आज तरी वेळेवर पोचा.” मी अहमदपूरमार्गे निघालो आणि अर्थातच उशिरा पोचलो. दादाच्या डोळ्यांकडं बघायचा धीर होईना. त्यानंच जवळ घेतलं. म्हणाला, “असू दे बाळू. तिनं वाचलं असतं तर लई हसली असती.” ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला तिथं उभं राहवेना.

पमाक्का म्हणजे माझे थोरले चुलते आप्पा, त्यांची थोरली लेक. दत्तादादा तिच्या पाठचा. आप्पांची शेती रेणापूरला, माझे वडील नोकरीनिमित्त नांदेडला. अक्का कॉलेजला आली ती आमच्याच घरी राहायला. मी तेव्हा शाळेत होतो आणि तिच्या शेजारच्या खाटेवर झोपायचो. अंधारात ती मला तारे कसे जळतात ते सांगायची आणि मी ‘हं’ म्हणत झोपून जायचो. माझ्या विज्ञानाच्या शिक्षणाचा तो पाया आणि तोच कळस. आई तिला एकच काम सांगायची, दुधावर लक्ष ठेवायचं. आणि दूध रोज उतू जायचं. अक्का तिथंच उभी असायची, अगदी पातेल्यात डोकं घालून... पण गॅस बंद करायची नाही. आई चिडून विचारायची, डोळे फुटले का गं तुझे? अक्का शांतपणे म्हणायची, “न्हाई काकू, बगूनच राहिले होते. आधी कोणत्या अंगानं जातंय ते बगायचं होतं.”

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या लातूरकडं गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, भाकरी आणि मडक्यातली आंबील पोट फुटेस्तोवर हाणायची. आणि दिवस कलला की गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि मुद्दाम उतू जाऊ द्यायचं. ज्या अंगाला ते सांडेल त्या अंगाला पीक चांगलं. सगळं घराणं श्वास रोखून त्या बोळक्याभोवती बसायचं आणि आप्पा निकाल द्यायचे. एका वर्षी अक्कानं सगळ्यांसमक्ष विचारलं, की दरसाल दूध उगवतीलाच कसं जातं? आप्पा म्हणाले, देवाची मर्जी. अक्का म्हणाली, देव नाही, तुम्ही गोवऱ्या मावळतीकडनं सारता, तिकडं जाळ जास्त, दूध पलीकडं ढकललं जातं. पुढच्या येळवशीला बोळक्याखाली गोवऱ्या तिनं मांडल्या, सगळीकडनं सारख्या, मापून-जोखून, वाऱ्याच्या बाजूला एक आडवी लावून. दूध वर आलं, टोपीसारखं फुगलं, आणि एकदम चारी अंगांनी खाली गेलं. आप्पांनी बराच वेळ त्या विझलेल्या विस्तवाकडं पाहिलं आणि म्हणाले, “बरं झालं. चौफेर पिकंल.” त्या साली चौफेर पिकलं की नाही ते मला आठवत नाही. पण आप्पांनी नंतर भावकीचा विरोध पत्करून तिला पुढं शिकू दिलं, एवढं ठाऊक आहे.

मग ती मुंबईला गेली, तिथून जपानात. आमच्या घराण्यात परदेश म्हणजे अमेरिका, त्यामुळं ती जपानात असताना आम्ही तिला अमेरिकेतच ठेवलं होतं. ती काय करते हे सांगायची जबाबदारी कुणी दिलेली नसताना मी घेतली. विमा विकणाऱ्या माणसाला न कळणाऱ्या गोष्टी ठामपणे सांगायची सवय असते. माहूरला नवस फेडायला गेलो तेव्हा गडाच्या पायऱ्या चढता चढता एका अनोळखी माणसाला मी सांगितलं, की माझी बहीण सूर्य करून राहिली. त्यानं विचारलं, केवढा? मी म्हटलं, अजून लहान आहे. एका लग्नात नवरदेवाच्या मामाला मी ती लोहचुंबकावर चालणारे बॉम्ब करते असं सांगितलं आणि ते मामा जेवणाच्या पंगतीत तिच्यापासून लांब जाऊन बसले. तिच्या लग्नाचा विषय कुणी काढला की ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, “ह्याला विचारा, ह्यानं सगळ्यांना पळवून लावलंय.” तिनं लग्न केलं नाही ते स्वतःच्या मर्जीनं, पण आळ हसत हसत माझ्यावर येऊ दिला.

शेवटी एका येळवशीला तिनं मला कोपीत समोर बसवलं आणि म्हणाली, आज तुला कळंस्तोवर सांगते, मग गावभर सांग. मी आंबील पीत ऐकलं. तेव्हा जे कळलं ते आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर दोष आंबिलीचा. मोहरीच्या दाण्याएवढी एक पोकळ कुपी असते, तिच्यात हायड्रोजनचं इंधन. तिच्यावर चहूकडून प्रचंड ताकदीचे लेझरचे झोत एका क्षणी सोडायचे. कुपी आत दबते, इंधन चिरडलं जातं, कोट्यवधी अंशांनी तापतं आणि त्याचे कण एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात. सूर्याच्या पोटात चालतं तेच. अडचण अशी, की तापलेलं इंधन निमिषभरसुद्धा गरम राहायला तयार नसतं. आतले इलेक्ट्रॉन उष्णता घेऊन बाहेर पळतात. मी म्हटलं, म्हणजे दूध उतू जातंय. ती म्हणाली, अगदी. आणि आमच्याकडं पीक बघायचं नसतंय, आमच्याकडं दूध जाऊच द्यायचं नसतंय.

“मग धरायचं कसं?” मी विचारलं.

तिनं कोपीच्या दारातून बाहेर बोट दाखवलं. तिथं पूर्वी आप्पांचं खळं होतं. “मळणीला मधी मेढ असायची, तो खांब, आठवतंय? तिला बांधलेला बैल कुठं जायचा?”

“कुठंच न्हाई. तिच्याभोवतीच फिरायचा.”

“तसंच. कुपीभोवती तारेचं वेटोळं लावायचं, त्यात एकदम मोठा विजेचा झटका सोडायचा. मग इंधनातनं आरपार चुंबकाच्या रेघा जातात. एकेक रेघ म्हणजे एकेक मेढ. इलेक्ट्रॉन तिच्याभोवती फिरत राहतोय, बाजूला पळत न्हाई. उष्णता आत राहते.” मग तिनं कोपीच्या भिंतीतली कडब्याची पेंडी दोन्ही हातांनी आवळून दाखवली. कुपी दबली की रेघासुद्धा अशाच जवळ येतात, दाट होतात, आणि मुळात लावलेलं क्षेत्र कितीतरी पटीनं जोरदार होतं. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त गरज तिथं सगळ्यात जास्त पहारा. मला हे इतकं पटलं की मी म्हटलं, मग झालंच की काम. ती हसली. म्हणाली, न्हाई झालं. बैल मेढीवर चढत नाही, पण आमचा बैल चढतो. बाजूनं अडवलं तरी रेघेच्या वर-खाली तो पळू शकतो, दोन टोकं उघडीच राहतात. शिवाय ते वेटोळं लेझरच्या वाटेत येतं, झोत सगळीकडनं सारखे पडत नाहीत. तिकडच्या मोठ्या मोठ्या माणसांचं म्हणणं, की कशाला ही तारेची भानगड, लेझरच नीट लावू. आणि अक्काचं म्हणणं, की एकदा लावून तर बघा.

हे ‘एकदा’ मिळवण्यात तिची वर्षं गेली. ती भांडत नव्हती. आप्पांशीसुद्धा भांडली नव्हती, पुढच्या सालची वाट पाहिली होती. तशीच ती वाट बघत राहिली आणि दरम्यान वेटोळी करत राहिली. असलंच एक चाचणीतलं वेटोळं तिनं मंगलला आणून दिलं. झटका बसला की तार स्वतःच्याच जोरानं बाहेर फेकली जाते, त्यामुळं ते जिलबीवर कुणी चुकून बसावं तसं दिसत होतं. आमच्या घरात शोभेच्या वस्तूला जागा नाही, सगळ्याला काम लागतं. मंगलनं ते देवघरात ठेवलं आणि मधल्या भोकात उदबत्ती खोचली. मला फार लाज वाटली. अक्का पुढच्या खेपेला आली, देवघरासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. मी सारवासारव करायला लागलो तर म्हणाली, “गप बस. मंगलनं बरोबर जागी लावलंय. आमचं इंधन तिथंच असतंय.” आणि तिनं स्वतः एक उदबत्ती लावली.

मागच्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक, तिला तो प्रयोग मिळाला. तीच कुपी, तेच लेझर, एकदा वेटोळ्याशिवाय, एकदा वेटोळ्यासकट. जे काय असेल ते समोरासमोर ठरणार. दोन, तिच्या पोटातला आजार पुढं गेलेला होता. ती लातूरला दत्तादादाकडं आली. मी नांदेडहून भेटायला जायचो, दवाखान्यातली भेटीची वेळ संपताना पोचायचो, आणि नर्सबाईंना ती सांगायची की ह्याला सोडा, हा आमच्यातला वेळेवर आलेलाच समजा. आजाराबद्दल विचारलं की दोन वाक्यांत संपवायची, आणि प्रयोगाबद्दल विचारलं की उठून बसायची. तिकडं तिची विद्यार्थिनी देबश्री सगळं बघत होती. बंगाली पोरगी, अक्काकडं शिकून आता तिच्या बरोबरीनं काम करणारी. दोघी रोज फोनवर बोलायच्या. लेझरची तारीख पुढं पुढं जात होती. आम्ही कुणी तोंडानं बोलत नव्हतो, पण घरातल्या प्रत्येकाला एकच हिशेब कळत होता, की आधी काय येतं.

या येळवशीला ती शेतात आली. दादानं गाडी थेट बांधापर्यंत नेली. मी पोचलो तोवर पूजा झालेली, भज्जी खरवडलेली, मडकं पालथं. दरवर्षीचंच. पण अक्कानं कोपीत स्वतःच्या पांघरुणाखाली माझ्यासाठी आंबिलीचा तांब्या झाकून ठेवला होता. तिला स्वतःला घोटभरही पिववत नव्हती. मी पीत होतो आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जणू तिची तहान माझ्या घशातून उतरत होती... संध्याकाळी दादानं विस्तव केला, बोळकं ठेवलं, आणि सवयीनं अक्काकडं बघितलं, की गोवऱ्या तू सांगशील तशा लावतो. ती म्हणाली, “राहू दे. आज जाऊ दे कुठं जायचं ते.” दूध गेलं. उगवतीला गेलं, आप्पांच्या बाजूला. ती हसली आणि डोळे पुसले.

माणसं आवराआवर करायला उठली तेव्हा कोपीत आम्ही दोघंच होतो. मी धीर करून विचारलं, अक्का, तिकडं न्हाई जमलं तर? ती म्हणाली, “न्हाई जमलं तर न्हाई जमलं हे तरी कळंल की. तेबी कामाचंच असतंय.”

“आणि तुला कळायच्या आधी...” मला वाक्य पुरं करता आलं नाही. बोलण्यावर पोट असलेला माणूस मी.

तिनंच पुरं केलं. “मला कळायलाच पायजे असं न्हाई, बाळू. कळायला पायजे. कुणाला तरी.” मग म्हणाली, “देबश्रीला तुझा नंबर देऊन ठेवलाय.”

मी दचकलो. म्हटलं, माझा कशाला? दादाचा द्यायचा. त्याच्या पोराचा द्यायचा, इंजिनिअर आहे.

“ते एकमेकांना सांगून गप बसतील. तू चुकीचं सांगशील, पण सगळ्यांना सांगशील.”

ती माझी-तिची शेवटची भेट. त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, कंधारचं बसस्टँड आणि माझी ती गुलाबाची फुलं. लेझर अजून पेटलेलं नव्हतं. दिवस झाले, माणसं पांगली, मी नांदेडला परतलो. त्या दिवसांत मला दुःख कमी आणि राग जास्त येत होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. एवढी वर्षं जिनं कुणालाही न ढकलता वाट पाहिली तिला थोडं आणखी थांबू द्यायला कुणाच्या बापाचं काय जात होतं... फोनची घंटा वाजली की हातातलं काम टाकून धावायचो आणि पलीकडून कुणीतरी विम्याचा हप्ता विचारायचं.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी परदेशातला नंबर दिसला. देबश्री. तिचं हिंदी बंगाली, माझं हिंदी नांदेडचं, त्यामुळं पहिली काही वाक्यं आम्ही दोघंही नुसतेच ‘हां जी’ म्हणत राहिलो. मग ती म्हणाली, की अंकल, दोन्ही प्रयोग झाले, आकडे तपासून झाले, दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतले. आणि गप्प झाली. मला वाटलं फोन कटला. मग कळलं की ती रडतेय. इंधन, तापमान सगळं राहिलं बाजूला आणि तोंडून निघालं ते एवढंच, “बेटा, दूध कोणत्या अंगाला गेलं?”

ती रडता रडता हसली. म्हणाली, अंकल, हे तुम्हाला कसं माहीत? आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगानंतर सगळे हेच विचारतात. जपानी लोकसुद्धा. मॅडमनी सवय लावलीय. त्यांना वाटतं हा भारतातला शास्त्रीय शब्द आहे. मग तिनं सांगितलं. बाजूनं गेलं नाही. वेटोळं लावलं तेव्हा इंधन जास्त तापलं, जास्त कण मिसळले. दोन्ही टोकांनी थोडी उष्णता गेली, आतला तापलेला भाग त्या दिशेला लांबट झाला, अक्कानं आधीच काढून ठेवलेल्या आकृतीसारखा. मी सगळं तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, मेढ, बैल, पेंडी हे सगळं माझ्या हिंदीत तिला परत सांगून दाखवलं आणि बरोबर आहे असं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन ठेवला नाही. तिनं बजावलं, की अंकल, यातून लगेच वीज मिळणार नाही, अजून फार लांबची वाट आहे, तसं कुणाला सांगू नका. मी शब्द दिला. म्हणून इथंही सांगून ठेवतो, रेणापूरचे दिवे अजून पूर्वीसारखेच जातात-येतात. एवढंच झालंय, की वेटोळं लावलं तर धग टिकते का, या प्रश्नाला हो असं उत्तर मिळालंय, आणि तो प्रश्न पमाक्काचा होता.

दत्तादादाला फोन करून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आप्पा पायजे होते. पुढच्या येळवशीला गोवऱ्या चौफेर लावायच्या असं आमचं ठरलं.

फोन ठेवला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. मंगल देवघरासमोर होती. उदबत्ती पेटवून तिनं त्या फाकलेल्या वेटोळ्यात खोचली, मधोमध, जिथं ती असायला हवी तिथंच. मी मागं उभा राहून तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच न चुकता. तिनं ऐकलं, हात जोडले, आणि वळून माझ्याकडं न बघताच म्हणाली,

“म्हणजे तुमचं ते अभिनंदन चुकलं नव्हतं हो. लवकर झालं होतं... आयुष्यात पहिल्यांदा.”